टाकलेली पानं

पोकरच्या टेबलावर नव्याने बसलेला माणूस समोरच्याचा चेहरा न्याहाळत बसतो. नजर कुठे वळते, ओठ कोरडे पडलेत का, हात थरथरतोय का. ही सवय सिनेमांनी लावली आहे. मला विचाराल तर चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघावं. कोण कसं खेळतं हे ओळखायचं असेल तर तो माणूस पानं कधी टाकून देतो, किती वेळा टाकून देतो, याकडे लक्ष ठेवावं. टाकलेली पानं कुणी उघडून दाखवत नाही, ती पालथीच गठ्ठ्यात जातात. तरी माणसाबद्दल सगळ्यात जास्त तीच सांगतात.

आम्ही सहा जण शनिवारी रात्री कोथरूडला खेळतो, वहिनींच्या घरी. वहिनींचं औषधांचं दुकान आहे. ते बंद करून त्या येतात, तोवर दादांनी जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर जुनी सतरंजी अंथरलेली असते, म्हणजे पानं सरकत नाहीत. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले एक काका आहेत. माझ्याच कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर आहेत. वहिनींच्या बहिणीचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे, त्याला आम्ही सगळेच भाचा म्हणतो. आणि मी. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या खेळाकडे माझं लक्ष आधी आकड्यांमधून गेलं. माणसं नंतर दिसायला लागली.

पैसे लावायचे नाहीत, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. कायद्याच्या बाजूने बघितलं तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं, पण पोकरबद्दल उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. ऑनलाइन पैसे लावून खेळायचे खेळ तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदच केले, मग त्यात कौशल्य असो वा नसो. आमचं कारण मात्र साधं होतं. सोमवारी भेटल्यावर कुणाच्या मनात हिशेब राहू नये.

पैसे नसले की लोक वाटेल तसं खेळतात, मग पद्धत कसली ओळखायची, असं मला बरेच जण विचारतात. शंका रास्त आहे. फुकटच्या चिप्स फुकटासारख्याच उधळल्या जातात. म्हणून आमच्याकडे एकच कडक नियम आहे: सगळ्यांना सारख्या चिप्स, आणि त्या संपल्या की त्या रात्रीपुरता तुमचा खेळ संपला. परत विकत घेणं नाही, उसनं घेणं नाही. मग बसून इतरांना पानं वाटायची. कोण कितव्या क्रमांकावर बाहेर पडलं ते वहीत लिहिलं जातं. साडेनऊला बाहेर पडून साडेबारापर्यंत पत्ते पिसत बसायची पाळी एकदा आली, की चिप्सची किंमत कळते.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही टेक्सस होल्डेम खेळतो. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडली जातात, आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. या तीन टप्प्यांना फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. दरम्यान बोली लागत जाते. प्रत्येक वेळी तुम्ही पानं टाकू शकता, समोरच्याने लावलं तेवढं भरू शकता म्हणजे कॉल करू शकता, किंवा वाढवू शकता. कुणी अजून काही लावलेलं नसेल तर काही न लावता नुसती पाळी पुढे देता येते, त्याला चेक म्हणतात. तीन पत्ती ज्यांनी खेळली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही, कारण पॅक, चाल आणि शो यांचीच ही भावंडं आहेत.

पुण्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकांना पत्ते गणपतीच्या मांडवाने शिकवले. रात्री मूर्तीपाशी कुणीतरी जागं राहायचं, आणि जागं राहायचं तर मेंढीकोट. तिथेही माणूस ओळखावा लागायचा, पण तो आपला भिडू. त्याने इस्पिकची दुर्री का टाकली, त्याच्याकडे हुकूम उरलाय का, दश्शी वाचवतोय की सोडतोय. शत्रूपेक्षा मित्राचं मन वाचायचा तो खेळ. काका त्याच्याही पुढचे, त्यांनी डेक्कनवरच्या एका क्लबात कित्येक वर्षं ब्रिज खेळलेलं. ब्रिजमध्ये तर तुमच्या जोडीने कोणती पद्धत ठरवली आहे, कोणत्या बोलीचा अर्थ काय, हे प्रतिस्पर्ध्यांना सांगावंच लागतं. त्याचं छापील कार्ड भरून टेबलावर ठेवतात. काकांना सुरुवातीला पोकरमध्ये याचीच चुटपुट लागली होती. "इथे कुणी काही सांगतच नाही," ते म्हणायचे, "आणि विचारलं तर खोटं बोलायची मुभा आहे." ते कार्ड इथे प्रत्येकाने समोरच्याचं आपल्या मनात भरायचं असतं, रिकाम्या रकान्यांपासून सुरुवात करून.

पहिला रकाना कसा भरायचा ते गणित सांगतं. बावन्न पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. कोणता रंग ते सोडून, दोन्ही पानं एकाच रंगाची आहेत की नाहीत एवढंच बघितलं तर १६९ प्रकार उरतात. जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. म्हणजे चांगली पानं ही मुळातच दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांसाठी सारखीच दुर्मीळ आहे. एखादा माणूस चारपैकी तीन डावांत उतरत असेल, तर त्याच्याकडे दर वेळी चांगली पानं असणं शक्यच नाही. त्याचा चेहरा कितीही गंभीर असो. आणि जो दहातल्या नऊ डावांत पानं टाकतो, तो दहाव्यात उतरला की टेबलावर सगळ्यांनी सावरून बसावं.

दुसरा रकाना असा: उतरताना तो स्वतः वाढवतो, की दुसऱ्याने लावलेलं नुसतं भरतो? हे दोन प्रश्न एकमेकांवर आडवे-उभे मांडले की चार कोपरे होतात. हात आखडता आणि आक्रमक, हात आखडता आणि सौम्य, हात मोकळा आणि आक्रमक, हात मोकळा आणि सौम्य. इंटरनेटवर खेळणाऱ्यांकडे यासाठी सॉफ्टवेअर असायचं, ते प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर टक्केवारी दाखवायचं. भाचा अजूनही त्या आकड्यांच्या भाषेत बोलतो, अमक्याचा व्हीपीआयपी, म्हणजे तो शेकडा किती डावांत स्वतःहून उतरतो तो आकडा, एवढा, तमक्याचा तेवढा. सतरंजीवर असला आकडा दिसत नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजायची वेळ तीच, जेव्हा आपण स्वतः पानं टाकून मोकळे झालेले असतो.

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. पानं टाकली की बहुतेक लोक मोबाइल उघडतात, पाणी प्यायला उठतात, मागच्या डावात काय व्हायला हवं होतं ते शेजाऱ्याला समजावतात. पण शिकायचं तेव्हाच असतं. स्वतः डावात असताना माणूस स्वतःच्या दोन पानांच्या प्रेमात असतो, भीतीत असतो. बाहेर पडलं की डोळे स्वच्छ होतात.

असाच एक डाव सविस्तर सांगते. मी पहिल्याच बोलीला पानं टाकली होती. ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स; लहान ब्लाइंड पन्नास, मोठा शंभर. भाचा बटणावर, म्हणजे शेवटी बोलायच्या फायद्याच्या जागेवर. त्याने तीनशे केले. लहान ब्लाइंडवर काका होते. काकांची एक सवय आहे: खिशात एक छोटा पितळी अडकित्ता असतो, आणि पानं खेळायची असतील तर ते तो पानांवर ठेवतात, चुकून गठ्ठ्यात जाऊ नयेत म्हणून. टाकायची असतील तर अडकित्ता जागचा हलत नाही. तो पानांवर आला. काकांनी वाढवले नाहीत, नुसते तीनशे भरले. मोठ्या ब्लाइंडवरच्या वहिनींनीही भरले. मध्ये नऊशे जमले.

फ्लॉप पडला: इस्पिक राजा, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. तीन वेगळे रंग, एकमेकांशी काही नातं नाही. काका चेक, वहिनी चेक. भाच्याने तीनशे लावले. काकांनी भरले. वहिनींनी पानं टाकली, आणि वहिनी पानं टाकतात तेव्हा त्यांच्याकडे खरोखर काहीच नसतं, हे आमच्या टेबलावर कुणालाही माहीत आहे. पंधराशे झाले. चौथं पान बदाम गुलाम. काका चेक. भाच्याने हजार लावले. काकांनी थोडं थांबून हजार भरले. साडेतीन हजार. शेवटचं पान किलवर दुर्री, कुणाच्याही कामाचं नाही असं वाटणारं. काका पुन्हा चेक.

आता टेबलावरच्या सगळ्यांना वाटत होतं की भाचा तिसऱ्यांदा लावणार. त्याची ख्यातीच तशी आहे. पण तो काकांच्या हाताकडे बघत राहिला, आणि मग त्याने टेबलावर दोन बोटं टेकवली. चेक. शेवटपर्यंत गेलेल्या सगळ्यांनी पानं उघडायची, असा आमच्याकडे नियम आहे. काकांकडे तिर्रीची जोडी होती, म्हणजे टेबलावरची धरून तीन तिर्र्या. भाच्याकडे दश्शी आणि नव्वी. त्याला सत्ती किंवा राणी आली असती तर त्याची पाच पानांची ओळ लागली असती. न दिसलेल्या ४६ पानांपैकी आठ पानं त्याच्या कामाची होती, साधारण १७ टक्के. ती आली नाहीत.

पानं गोळा करताना सर म्हणाले, "काका, तुम्ही तिर्रीवर कधीपासून खेळायला लागलात?" काका नुसते हसले.

त्या एका डावात माझ्या मनातली दोन कार्डं बदलली. काका म्हणजे खडक, एक्का-राजा असल्याशिवाय हलायचे नाहीत, असं सगळे धरून चालले होते. पण काका छोट्या जोडीवर स्वस्तात उतरतात, आणि फ्लॉपवर तिसरं पान आलं तरच पुढे जातात. ते येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साडेआठ वेळांत एकदा. बाकीच्या वेळी ते निमूट बाहेर पडतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला, छोटी रक्कम बुडाली तरी चालेल अशा जागा बरोबर कळतात. तेव्हा काका सौम्यपणे कॉल, कॉल करत असतील तर त्याचा अर्थ साधी बरी पानं असा घ्यायचा नाही. त्यांनी शेवटी केलेला चेकसुद्धा सापळाच होता.

भाच्याबद्दल जे कळलं ते जास्त मोलाचं. मोकळ्या हाताचे आक्रमक खेळाडू दोन प्रकारचे असतात, आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात. दोघंही खूप डावांत उतरतात, दोघंही वाढवतात, दोघंही हातात काही नसताना लावतात. फरक एकच, समोरून उत्तर आल्यावर एक थांबतो आणि दुसऱ्याला थांबता येत नाही. दुसऱ्याला हरवायला फक्त धीर लागतो, चांगल्या पानांची वाट बघायची आणि त्याला लावू द्यायचं. पहिला मात्र टेबलावरचा सगळ्यात अवघड माणूस. तो ऐकतो. काकांनी दोनदा भरले, त्याचा अर्थ भाच्याने ऐकला आणि साडेतीन हजारावर पाणी सोडलं. आमच्यातले बाकीचे त्याला अजून बेफिकीर पोरगा समजतात. मी त्या रात्रीपासून समजत नाही.

वहिनींची गोष्ट वेगळी, आणि मला फार आवडते. वहिनी दुकानात दिवसभर चिठ्ठ्यांवरचं डॉक्टरांचं अक्षर लावतात. न कळलेली गोष्ट तशीच सोडून देणं त्यांच्या स्वभावात नाही. टेबलावरही "बघू तरी काय आहे" म्हणत त्या शेवटपर्यंत येतात. अशा खेळाडूला हिणवून बोलायची पोकरमध्ये रीत आहे, ती मला मान्य नाही. वहिनींसमोर थापा चालत नाहीत, ही त्यांची ताकद आहे. हिशेब बघा: मध्ये हजार आहेत, मी हातात काही नसताना पाचशे लावले. ही थाप फायद्याची ठरायला तीनपैकी किमान एकदा समोरच्याने पानं टाकली पाहिजेत. वहिनी तेवढ्या टाकतच नाहीत. मग त्यांच्यासमोर थाप मारणं म्हणजे चिप्स देऊन टाकणं. उलट बऱ्यापैकी पानं असतील, नुसती एक चांगली जोडी असली तरी, फ्लॉपला, टर्नला, रिव्हरला, तिन्ही वेळा लावत जायचं. त्या भरत जातात. मात्र क्वचित कधी वहिनींनी स्वतःहून वाढवलं, तर माझ्या हातात राजांची जोडी असली तरी मी ती पुन्हा एकदा नीट बघते आणि टाकते. जो माणूस कधीच आवाज चढवत नाही, त्याने चढवला तर त्याच्याकडे कारण असतं.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि इथे माझा विषय मदतीला येतो. घरच्या टेबलावर तासाला वीस-पंचवीस डाव होतात. समजा एखादा माणूस नेमाने चारातला एक डाव खेळणारा आहे. त्याने लागोपाठ दहा डाव टाकले तर तो आखडत्या हाताचा वाटेल. पण निव्वळ पानांच्या फेऱ्यामुळे असं होण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त आहे, म्हणजे अठरा वेळांत एकदा. टेबलावर सहा जण आहेत आणि रात्र मोठी आहे. कुणा ना कुणावर ही वेळ येणारच. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कुणाला नाव देऊ नये. आणि दिलंच तर पेन्सिलीने द्यावं. लागोपाठ वीस डाव टाकणं मात्र त्याच माणसाला हजारात तीन वेळाच घडेल. तिथे पानांचा दोष कमी आणि माणसाचा स्वभाव जास्त.

नुसता आकडाही फसवतो, कारण जागा बदलली की माणूस बदलतो. भाचा बटणावर असताना निम्मे डाव खेळतो आणि पहिला बोलायची पाळी असेल तेव्हा काकांसारखा आखडता होतो. दोन्हीची सरासरी काढली तर जो खेळाडू तयार होतो तो अस्तित्वातच नाही. चिप्स किती उरल्यात यानेही फरक पडतो. मोठ्या ब्लाइंडच्या दहापट सुद्धा उरल्या नसतील तर सगळं लावा नाहीतर टाका, एवढेच मार्ग राहतात, आणि तिथे सगळेच सारखे दिसायला लागतात. शेवटी दोघंच उरले की काका असे काही मोकळे होतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला हा तोच माणूस वाटत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दोघांत कशाला थांबायचं? दर डावाला ब्लाइंड भरायचाच आहे." बरोबरच आहे. त्यांचा आखडता हात हा स्वभाव नव्हताच, तो सहा जणांच्या टेबलाचा हिशेब होता.

स्वभाव कधी दिसतो, तर सरांच्या बाबतीत जे झालं तेव्हा. सरांकडे एक्क्यांची जोडी, दादांकडे राजांची. फ्लॉपच्या आधीच दोघांनी सगळं लावलं. एक्के राजांविरुद्ध शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतात. टर्नला चौकट राजा आला. दादांकडे सरांपेक्षा चिप्स कमी होत्या म्हणून सर टेबलावर राहिले, पण अर्ध्याहून जास्त गेल्या. सर काही बोलले नाहीत. उरलेल्या अठरा वेळा होतातच, हे ते मुलांना शिकवतात. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं.

पण सरांची चिप्स रचायची एक पद्धत आहे. दहा-दहाचे गठ्ठे, रंगावार, कडा बोटाने सारख्या केलेल्या. त्या डावानंतर त्यांनी उरलेल्या चिप्स एका ढिगात ओढून घेतल्या आणि तशाच ठेवल्या. पुढच्या डावात पहिल्याच जागेवरून त्यांनी वाढवलं. त्याच्या पुढच्यातही. लावताना चिप्स मोजल्या नाहीत, मुठीने पुढे ढकलल्या. शांत, नेटका, आखडत्या हाताचा एक माणूस पाच मिनिटांत टेबलावरून निघून गेला होता आणि त्याच खुर्चीत दुसराच कुणी बसला होता. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात, आपण डोकं फिरलं म्हणतो. ते ओळखायची खूण मला तरी चेहऱ्यापेक्षा हातांमध्ये जास्त वेळा सापडली आहे.

मग प्रश्न येतो की मित्राची ही अवस्था ओळखून त्याच्या चिप्स घ्यायच्या का? मी घेते, आणि घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. ओळखीच्या माणसाला जाणूनबुजून सोडून देणं स्पर्धांमध्ये नियमबाह्य धरतात, आणि ते योग्य आहे, कारण त्यात टेबलावरच्या इतरांवर अन्याय होतो. शिवाय सरांसारख्या माणसाला कुणी दया दाखवली हे कळलं तर ते चिप्स जाण्यापेक्षा जास्त लागेल. डाव चालू आहे तोवर खेळायचं. त्या रात्री वहिनींनी मात्र डाव संपताक्षणी पत्ते बाजूला ठेवून "चहा टाकते" असं जाहीर केलं, आणि वीस मिनिटं कुणालाच पत्त्यांना हात लावू दिला नाही. परत बसल्यावर सरांचे गठ्ठे पुन्हा दहा-दहाचे झाले होते.

भाच्याचं आणि माझं एका गोष्टीवरून नेहमी वाजतं. त्याचं म्हणणं, समोरच्याला ओळखायची गरजच नाही. आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्येच दोन माणसांच्या अशा खेळांचा पाया घातला, आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोकरची सोपी प्रतिकृती मांडून दाखवली. थाप मारणं हा स्वभावाचा भाग नाही, ते गणितातून निघतं, आणि ती मधल्या पानांवर न मारता अगदी वाईट पानांवर मारावी, हे तिथे सिद्ध झालं. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार नामवंत व्यावसायिकांना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. ही यंत्रं समोरचा काका आहे की वहिनी, हे बघत नाहीत. कुणी कसंही खेळलं तरी आपलं नुकसान होणार नाही, असं संतुलित खेळतात.

मला या कामाबद्दल अतिशय आदर आहे, आणि वर्गात मी ते उत्साहाने शिकवते. पण संतुलनाचं आश्वासन काय आहे ते नीट वाचलं पाहिजे. दोघांच्या खेळात ते तुम्हाला दीर्घकाळात हरू देत नाही, एवढंच. समोरचा ज्या जागी कायम जास्त भरतो किंवा कायम जास्त टाकतो, तिथून मिळू शकणारं सगळं ते उचलत नाही. संतुलित खेळणारा वहिनींसमोरही ठरलेल्या प्रमाणात थापा मारत राहील, आणि त्या दर वेळी भरतील. त्यातून दोघांपेक्षा जास्त माणसं असली की गणिताची हमीही उरत नाही. प्लुरिबस जिंकला तो प्रत्यक्षात जिंकला, सिद्धतेने नाही. भाचा यावर म्हणतो, "ताई, पण तुम्ही वहिनींसाठी खेळ बदलला की त्या जागी मी तुम्हाला पकडणार." हे खरं आहे. वहिनींसमोर मी थापा मारत नाही हे तो जाणतो, म्हणून त्या डावात असताना मी लावलं की तो सहज पानं टाकतो. ओळखण्याला किंमत मोजावी लागते, आणि ती त्या टेबलावर बघत बसलेल्या तिसऱ्या माणसाला मिळते.

एकदा मी सगळ्यांना विचारलं होतं, मी कशी खेळते? वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडे नेहमी काहीतरी असतंच. भाचा म्हणाला, तुम्ही माझ्यावर सारख्या चढून येता. काकांच्या मते मी फार लवकर सोडून देते. तिघंही खरं सांगत होते. वहिनींसमोर मी थाप मारत नाही, भाच्याच्या बटणावरच्या वाढवण्याला मी उलट वाढवून उत्तर देते, आणि काकांनी अडकित्ता ठेवला की मी बाजूला होते. माझी म्हणून एक पद्धत आहे असं मी समजत होते, ती त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. प्रत्येकाने आपल्यासमोर बसलेली मी पाहिली होती.

गेल्या काही शनिवारांपासून दादांच्या जागेवर एक वास्तुविशारद बाई येतात, कारण दादा कामासाठी नाशिकला आहेत. सर आणि भाचा दोघांनीही त्यांना आखडत्या हाताच्या ठरवून टाकलंय, कारण त्या खूप पानं टाकतात. मला तसं वाटत नाही. त्या पानं टाकतात, पण लगेच टाकत नाहीत. काका वाईट पानं बघताक्षणी टाकतात. या बाई पानं बघतात, मग कुणाच्या किती चिप्स आहेत ते बघतात, बटण कुठे आहे ते बघतात, आणि मग टाकतात. म्हणजे ती पानं अगदीच टाकाऊ नसणार. दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासमोर त्यांनी ती खेळली असती. आणि टाकल्यावर त्या मोबाइल उघडत नाहीत. डाव संपेपर्यंत बघत राहतात.

मागच्या वेळी भाच्याने बटणावरून वाढवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच उलट वाढवलं, आणि भाच्याने पानं टाकली. पानं उघडली गेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे काय होतं ते कुणालाच कळलं नाही. भाचा म्हणतो, राण्यांची जोडी असणार, त्या दुसऱ्या कशावर वाढवणारच नाहीत. मला वाटतं त्यांना फक्त भाच्याचं बटण मोजून झालं होतं.

जागा आम्ही दर शनिवारी पत्ता उचलून ठरवतो. त्या माझ्या उजवीकडे आल्या तर त्या माझ्या आधी बोलतील आणि मला ऐकायला मिळेल. डावीकडे आल्या तर रात्रभर त्या माझं ऐकणार.